बाइकला आफ्टरमार्केट ईसीयू घेताना: डबा कुठला आणि मॅप कोणाचा

दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, "दादा, इंटरसेप्टरला फ्री फ्लो एक्झॉस्ट टाकलाय, आता ईसीयू कुठला घेऊ?" मी उलटं विचारतो की गाडीला त्रास काय होतोय, तर निम्मे जण म्हणतात तसं काही नाही, पण सगळे घेतात म्हणून. म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. ईसीयू म्हणजे इंजिनला पेट्रोल किती आणि स्पार्क कधी ते ठरवणारा छोटा संगणक; त्याच्या जोडीला किंवा जागी बाहेरून विकत घेऊन लावतात तो आफ्टरमार्केट डबा, आणि कुठल्या आरपीएमला, किती थ्रॉटलला किती पेट्रोल द्यायचं याचं आतलं टेबल म्हणजे मॅप. फ्री फ्लो म्हणजे मोकळा सायलेन्सर. उदाहरण रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनचं (दोन सिलिंडरची, इंटरसेप्टर त्यातलीच) घेतलंय कारण ती गाडी मी रोज चालवतो, पण केटीएम ३९०, डॉमिनार, हिमालयन, कुठलीही फ्युएल इंजेक्शनवाली बाइक असली तरी विचार करायची पद्धत तीच. कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तिथं जेट बदला आणि सुखी राहा.

आधी त्रास नक्की काय आहे ते कागदावर लिहा

खरंच लिहा. "पिकअप हवा" असं नको, तर कुठल्या गियरला, किती आरपीएमला, थ्रॉटल किती उघडल्यावर काय होतंय ते लिहा. म्हणजे तिसऱ्या गियरला अडीच हजारावर ट्रॅफिकमध्ये गाडी हिसके देते, किंवा थ्रॉटल बंद करून परत उघडला की धक्का बसतो, किंवा सिग्नलला उभं राहिलं की मांडीला भाजतं, किंवा एक्झॉस्ट बदलल्यापासून वरच्या आरपीएमला गाडी ओढतच नाही. यातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे आणि काहींचं उत्तर तर ईसीयू नाहीच.

माझ्या एका मित्राने हिसक्यांसाठी डबा घेतला, बसवला, तरी हिसके तसेच. मग माझ्याकडे आला. गाडी मेन स्टँडवर घेतली, चेन हाताने हलवली तर चांगली लोंबत होती. चेन ताणली, थ्रॉटल केबलचा प्ले काढला, ऐंशी टक्के हिसके गेले. पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून डब्याच्या आधी एवढं करून घ्या: चेन, थ्रॉटल केबल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, ट्विन असेल तर दोन्ही थ्रॉटल बॉडीचं सिंक (दोन्ही सारख्या उघडतात ना ते), आणि एक्झॉस्टचं गॅस्केट. शेवटचं लोक हमखास विसरतात. हेडरच्या (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपच्या) जॉइंटमधनं लीक असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणाऱ्या ओटू सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी, ईसीयू जास्त पेट्रोल मारतो आणि तुम्ही म्हणता कंपनीचं ट्यूनिंग बेकार. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो ना, तोही बऱ्याचदा असाच लीक आणि मोकळा सायलेन्सर यांचा प्रताप असतो, त्यासाठी मॅप बदलायची गरज नसते.

कंपनीचा ईसीयू काय करत असतो

हे समजल्याशिवाय कुठलाही डबा घेऊ नका, कारण विकणारा याच अज्ञानावर जगतो.

ईसीयूला थ्रॉटलची पोझिशन, आरपीएम, मॅनिफोल्डमधलं प्रेशर, हवेचं तापमान, इंजिनचं तापमान एवढं कळतं. त्यावरून तो ठरवतो की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि स्पार्क कधी टाकायचा. हलक्या थ्रॉटलवर, आरामात क्रूझ करताना तो ओटू सेन्सरकडे बघून मिश्रण सारखं दुरुस्त करत राहतो, याला क्लोज्ड लूप म्हणतात. पूर्ण थ्रॉटल उघडला की सेन्सरकडे दुर्लक्ष करून आपल्या टेबलप्रमाणे पेट्रोल देतो, तो ओपन लूप. गाडीत जो साधा ओटू सेन्सर असतो त्याला एवढंच कळतं की मिश्रण बरोबरच्या रेषेच्या वर आहे की खाली, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये तो उड्या मारत असतो. किती वर किंवा किती खाली, ते त्याला सांगता येत नाही.

आता ती बरोबरची रेषा म्हणजे शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) याच रेषेच्या आसपास नीट काम करतो म्हणून बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, गाड्या याच रेषेवर घट्ट बांधलेल्या असतात. ताकद मात्र त्याहून थोड्या घट्ट (रिच, पेट्रोल जास्त) मिश्रणावर जास्त मिळते, १२.८ ते १३.२ च्या आसपास. खालच्या आरपीएमला गाडी जी कोरडी-कोरडी आणि हिसकेबाज वाटते त्याचं मोठं कारण हे.

आणि इथं एक मेख आहे. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलची रेषा ९ ची आहे, त्यामुळे ई२० ची साधारण १३.५ वर येते. म्हणजे कोणी सांगितलं की "तुझी गाडी १३.५ ला चालतीये, मस्त रिच आहे", तर आधी विचारा की कुठल्या पेट्रोलच्या हिशोबाने. वाइडबँड सेन्सर (किती वर, किती खाली तेही सांगणारा ओटू सेन्सर) मुळात लॅम्बडा, म्हणजे मिश्रण बरोबरच्या रेषेच्या किती पट आहे ते, मोजतो आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. त्यामुळे थेट लॅम्बडाच बघायची सवय लावा: १ म्हणजे बरोबर, फुल थ्रॉटलला ०.८७ ते ०.९० म्हणजे ताकदीसाठी ठीक. हे लॅम्बडा प्रकरण ज्या ट्यूनरला समजावून सांगावं लागतं त्याच्याकडून गाडी ट्यून करून घेऊ नका.

डब्यांचे प्रकार

सगळ्यात स्वस्त म्हणजे सेन्सरला फसवणारे. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडतात आणि ईसीयूला वाटतं हवा गार आहे, मग तो जास्त पेट्रोल देतो. डेन्मार्कचा बूस्टरप्लग याच तत्त्वावर चालतो, आणि तो बनवणारे साधारण ६ टक्के जास्त पेट्रोलचा दावा करतात. याची नक्कल म्हणून ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांत एक रेझिस्टर विकतात, त्यात आणि मूळ वस्तूत फरक आहे, कारण फिक्स रेझिस्टर लावला की ईसीयूला नागपूरच्या मे महिन्यातही आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरातही एकच तापमान दिसणार. तो घेऊ नका, बस.

याच जातीतले पण जरा शहाणे ते ओटू सेन्सरचा सिग्नल सरकवणारे. इटलीच्या डिमस्पोर्टचं रॅपिड बाइक ईझी या प्रकारातलं. हे क्लोज्ड लूपमध्ये काम करतात, म्हणजे शहरातले हिसके आणि गरम होणं यासाठी उपयोगी. वरच्या आरपीएमला यांचा काही संबंध नाही.

मग येतो खरा पिगीबॅक. हा कंपनीचा ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसतो. ईसीयूने म्हटलं ४ मिलिसेकंद, टेबलमध्ये त्या आरपीएमला आणि त्या थ्रॉटलला +१० टक्के लिहिलंय, तर हा ४.४ करून पुढे पाठवतो. अमेरिकेच्या डायनोजेटचं पॉवर कमांडर हे यातलं जुनं नाव, आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक, त्यात पेट्रोलबरोबर इग्निशन टायमिंगही (स्पार्क कधी पडतो ते) बदलता येतं. भारतीय गाड्यांसाठी तयार कपलर (वायरींचे जोड) आणि मॅप मिळतात हा त्याचा मोठा फायदा.

पिगीबॅकमधला सापळा असा, की क्लोज्ड लूपच्या भागात तुम्ही +८ टाकलं तर ओटू सेन्सर ओरडतो "रिच झालं", आणि ईसीयू ते ८ हळूहळू काढून घेतो. वर काही गाड्यांमध्ये हे शिकलेलं करेक्शन ईसीयू लक्षात ठेवून फुल थ्रॉटललाही लावतो, म्हणजे जिथं पेट्रोल हवं तिथंच कमी पडतं. पहिले दोन दिवस गाडी भारी वाटते आणि पंधरा दिवसांनी "पहिल्यासारखी राहिली नाही" म्हणतात ना, ते बऱ्याचदा यामुळे. त्यामुळे पिगीबॅक घेताना पहिला प्रश्न हाच की हा ओटू सेन्सरचं काय करतो. सिग्नल स्वतः हाताळतो, की सेन्सर काढून खोटा प्लग लावायला सांगतो, की काहीच करत नाही? "काहीच करत नाही" असेल तर तो डबा फक्त ओपन लूपसाठी आहे असं समजून घ्या.

तिसरा प्रकार फ्लॅश, म्हणजे वेगळा डबाच नाही, कंपनीच्या ईसीयूमधला मॅप बदलायचा. ऑस्ट्रेलियाचे वुलिच रेसिंग किंवा अमेरिकेचे एफटीईसीयू हे जपानी मोठ्या बाइकसाठी यात नावाजलेले. राइड-बाय-वायर (केबलऐवजी वायरने थ्रॉटल उघडणाऱ्या) गाडीला खरं म्हणजे हाच मार्ग योग्य, कारण तिथं तुमच्या मुठीतला थ्रॉटल आणि आतली हवेची पाकळी यांच्यात ईसीयू बसलेला असतो. आपल्या चाकणला बनणारी ३९० ड्यूक २०१७ पासून अशी आहे. खालच्या गियरला ईसीयू पाकळीच पूर्ण उघडत नसेल तर इंजेक्टरवर बसलेला पिगीबॅक काय डोंबल करणार? फ्लॅशची भीती एकच, मध्येच बॅटरी गेली किंवा केबल निघाली तर ईसीयूची वीट होऊ शकते, म्हणजे तो चालूच होत नाही. मूळ फाइलची कॉपी तुमच्या हातात देणाऱ्याकडूनच करा.

चौथा स्टँडअलोन, कंपनीचा ईसीयू काढूनच टाकायचा. तैवानचं एरेसर, इंडोनेशियाचं बीआरटी ज्यूकेन, किंवा हौसेने करायचं असेल तर आर्डुइनोवर (हौशी लोकांचा छोटा संगणक बोर्ड) चालणारं स्पीडुइनो. ट्रॅकसाठी, बोअर वाढवलेल्या इंजिनसाठी हे ठीक. रोजच्या गाडीला नको. थंडीत चालू होणं, आयडल, उंचीवर हवा विरळ होणं, हे सगळं कंपनीने वर्षानुवर्षं बसून जुळवलेलं असतं, ते सगळं तुम्हाला परत करावं लागतं. समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला, म्हणजे १३५० मीटरला गेलं की हवा जवळपास १२-१५ टक्के विरळ होते, आणि खारदुंग ला ला तर निम्म्याच्या आसपास राहते. पिगीबॅक कंपनीच्या हिशोबावर टक्केवारी लावतो म्हणून उंचीची भरपाई आपोआप टिकून राहते. लेह-लडाख करणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवा.

टायमिंगला हात लावायचा का

फक्त पेट्रोल वाढवणाऱ्या डब्याने चूक झाली तर मायलेज पडेल, प्लग काळा होईल, काही इंजिन जाणार नाही. उलट पेट्रोल फार कमी केलं किंवा टायमिंग जास्त पुढे घेतलं तर नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकणं) होतं, आणि नॉकिंगने पिस्टन खाल्लेला मी डोळ्याने बघितलाय, कडेने उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात नॉकिंग ऐकूही येत नाही.

टायमिंगचा मॅप घेणार असाल तर तो किती ऑक्टेनवर (पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचा आकडा) बनवलाय ते विचारा. साध्याहून जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचा मॅप असेल तर तुम्ही कायम तेच भरणार का? पुण्यात मिळेल, पण तळकोकणात रात्री नऊ वाजता जो पंप उघडा असेल त्यावर जे असेल तेच. म्हणून टायमिंग हवंच असेल तर हँडलवर मॅप स्विच असलेला डबा बघा, एक मॅप चांगल्या पेट्रोलचा आणि दुसरा सौम्य. माझं स्वतःचं मत, स्टॉक, म्हणजे कंपनीच्या जशाच्या तशा, इंजिनच्या ६५० ला किंवा ३५० ला टायमिंगच्या भानगडीत पडू नये, मे महिन्यात हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये एअर-कूल्ड इंजिन काय सोसतंय ते त्याचं त्यालाच माहीत.

आता मॅप

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि लोक इथंच घाई करतात. डबा म्हणजे रिकामी वही, मॅप म्हणजे त्यात लिहिलेलं. माझा पहिला पिगीबॅक मी सेकंडहँड घेतला होता, विकणाऱ्याने सांगितलं "मॅप टाकलेलाच आहे, लावा आणि पळवा". लावला आणि पळवला. गाडी जड वाटायला लागली, आयडलला एक्झॉस्टमधून पेट्रोलचा वास, टाकी-टू-टाकी मायलेज २८ वरून २१. लॅपटॉपला जोडून बघितलं तर आत दुसऱ्याच एक्झॉस्टचा आणि उघड्या कोन फिल्टरचा मॅप होता.

तर विकत घेण्याआधी विचारायचं ते असं: माझ्या मॉडेलचा, माझ्या वर्षाचा, माझ्याच एक्झॉस्ट आणि फिल्टरच्या जोडीचा मॅप आहे का? बीएस४ ची ६५० आणि बीएस६ ची ६५० दिसायला सारखी असली तरी मॅप एक आहे असं गृहीत धरू नका. सॉफ्टवेअर फुकट मिळतं का, मॅप मला स्वतःला उघडून बघता येतो का की कुलूप लावून देतात? कुलूपबंद मॅप मी घेत नाही. उद्या ट्यूनर दुकान बंद करून गेला तर काय?

जवळपास चांगला डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) असेल तर रेडिमेड मॅपवर न थांबता गाडी तिथं ट्यून करून घ्या, तो खर्च बजेटमध्ये पहिल्यापासून धरा. डायनोवर कागद हातात देतात तेव्हा वरचा एकच मोठा आकडा बघून खुश होऊ नका. ६५० ला कंपनी ४७ पीएस म्हणते ते क्रँकचे, म्हणजे इंजिनवरचे, मागच्या चाकावर १०-१५ टक्के कमीच दिसणार. आधीचा आणि नंतरचा रन त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच गियरमध्ये झालाय ना ते बघा, आणि ग्राफची रेघ बघा: तुम्ही जिथं गाडी चालवता त्या ३००० ते ५५०० च्या पट्ट्यात टॉर्क वाढलाय का, मधला खड्डा भरलाय का. त्याच्यासोबत लॅम्बडाची रेघही मागून घ्या. "वीस टक्के पॉवर वाढते" वगैरे स्टॉक इंजिनला नुसत्या डब्याने होत नाही. स्मूथनेस येतो, आणि खरं सांगायचं तर पैसे त्याचेच असतात.

डायनो जवळ नसेल तर वाइडबँड सेन्सर लावून ऑटोट्यून करणारे किट आहेत, त्यात बहुतेक बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असतो. त्याच्यासाठी हेडरला १८ मिलिमीटरचा बंग (सेन्सर बसवायची आटेवाली कडी) वेल्ड करावा लागतो, तो कॅटच्या आधी आणि सेन्सरचं तोंड खाली झुकलेलं राहील असा, नाहीतर पाणी साचून सेन्सर जातो.

वायरिंग, पाऊस आणि कायदा

कपलर टू कपलर बसणाराच घ्या. वायर कापून, सोलून, काळी टेप गुंडाळून बसवलेला डबा पहिल्या ताम्हिणीच्या पावसात रुसतो. डबा वॉटरप्रूफ आहे का ते विचाराच, पण त्याहून जास्त कपलरकडे बघा, रबरी सील आहे का. आणि एक परीक्षा दुकानातच करा: डबा रस्त्यात मेला तर तो काढून कंपनीचे कपलर परत एकमेकांत जोडायला किती वेळ लागेल? टाकी उतरवावी लागत असेल तर विचार करा.

कायद्याचं गोड बोलून सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायची नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी पास होते ती आपल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, कंपनीच्या मॅपवर, तुमच्या मॅपवर नाही. इंजिनची वॉरंटीही नाकारली जाऊ शकते, त्यामुळे वॉरंटीतल्या गाडीला मी तरी डबा लावणार नाही. पीयूसीला आयडलवर सीओ आणि एचसी मोजतात, म्हणून आयडलचा भाग शून्यावरच ठेवा, तिथं रिच करून काही मिळत नाही. कॅटच्या मागेही ओटू सेन्सर असेल तर आणखी जपून, कारण कॅट नीट काम करत नाही असं दिसलं की चेक इंजिन लाइट पेटणार.

बसवताना आणि नंतर

बॅटरी आधी बघा, बंद गाडीला १२.५ व्होल्टच्या वर आणि चालू गाडीला १४ च्या आसपास. अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या, कुठल्यातरी रंगवलेल्या बोल्टला नको. डबा बसवल्यावर थ्रॉटलचं झिरो आणि फुल कॅलिब्रेट करा, हे न करता मॅपला शिव्या देणारे भरपूर.

मग लगेच मॅप टाकू नका. सगळं टेबल शून्य ठेवून दोन दिवस चालवा. गाडी अगदी स्टॉकसारखी चालली पाहिजे. शून्यावरही मिसफायर होत असेल तर वायरिंगमध्ये किंवा डब्यात खोट आहे, आणि हे मॅप टाकण्याआधी कळलेलं बरं, नाहीतर दोन दोषांची खिचडी होते.

त्यानंतर मॅप टाका आणि तोच रोजचा रस्ता, तोच पंप, टाकी फुल ते टाकी फुल असं मोजा. मायलेज दोन-तीन किलोमीटर पडलं तर समजू शकतो, सात-आठ पडलं तर मॅप चुकीचा. खंबाटकीत वरच्या गियरला खालच्या आरपीएमवर थोडा थ्रॉटल देऊन ऐका, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला (हेच नॉकिंग) तर तिथंच थ्रॉटल सोडा, गियर खाली घ्या आणि टायमिंगचा मॅप असेल तर सौम्य मॅपवर जा. पाचशे किलोमीटरनंतर सीट काढून कपलर हाताने दाबून बघा, ट्विन असो की सिंगल, थरथरीने एखादा तरी अर्धवट निघालेला असतो.

माझा आत्ताचा सेटअप विचाराल तर फक्त फ्युएलचा पिगीबॅक, आयडल शून्य, २५०० ते ४५०० मध्ये ओटू सिग्नलसकट थोडं रिच, वर डायनोवर केलेला मॅप, टायमिंग कंपनीचंच. आणि सीटखाली टूलकिटमध्ये एका झिपलॉक पिशवीत दोन जादा फ्यूज, दोन झिपटाय आणि कपलर कुठला कुठे जातो त्याचा स्टॉक वायरिंगचा प्रिंट काढलेला फोटो, कारण मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो.